रसायनांचं वेड असलेल्या मुलांना प्रयोगशाळा उघडून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी प्रयोगशाळा साहाय्यक होते. आता निवृत्त आहे, पण गावातली मुलं अजून मला ‘लॅबच्या बाई’ म्हणूनच ओळखतात. हल्ली अकरावी-बारावीची मुलं माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात: बाई, नायट्रिक ॲसिड कुठं मिळेल? कुणीतरी जुन्या संगणकातल्या सर्किटच्या पाट्या ॲसिडात बुडवून सोनं काढतो, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं. काहींना त्याहून मोठी ओढ असते. जगातलं सगळ्यात जहाल ॲसिड कोणतं आणि ते घरी करता येईल का, हे त्यांना हवं असतं. या मुलांच्या आईवडिलांशी, दुकानदारांशी आणि शिक्षण खात्याशी मला जाहीरपणे बोलायचं आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या एक बाई बारावीतल्या आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. ‘हिला जरा दोन शब्द सुनवा,’ म्हणाल्या. मुलीने गच्चीवरच्या मोरीत संडास धुवायच्या ॲसिडाचे प्रयोग चालवले होते. वाफांनी खिडकीचे गज गंजले, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. मी तिची वही मागितली. तिने लिहिलं होतं: स्टीलच्या डावाला गंज चढत नाही म्हणतात, पण या ॲसिडात रात्रभर ठेवल्यावर त्याला बारीक बारीक खड्डे पडले. दुसऱ्या पानावर: ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला, बराच वेळ काही झालं नाही, मग अचानक उसळी आली आणि भांडं हाताला चटका बसेल इतकं तापलं.

संपादक महोदय, ही नोंद कुठल्याही शिक्षकाला अभिमान वाटावा अशी आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पातळ थर असतो. तो विरघळेपर्यंत धातू शांत बसतो, नंतर हायड्रोजन सुटतो, उष्णता साचत जाते आणि क्रिया आणखी वेगाने धावते. ही गोष्ट त्या मुलीने कुणी न सांगता डोळ्यांनी टिपली. पण डोळ्यांवर चष्मा नव्हता, हातात मोजे नव्हते आणि मोरीचं दार वाऱ्याने बंद होत होतं. मी तिला सुनावलं नाही. तिच्या आईला सांगितलं, हिला ओरडलात तर ही हेच रात्री लपून करील.

सगळ्यात जहाल ॲसिडाच्या आकर्षणाबद्दल थोडं लिहिते, कारण धोका ओळखण्यात मुलांची गफलत नेमकी इथे होते. शंभर टक्के सल्फ्युरिक ॲसिडाहून तीव्र ॲसिडांना रसायनशास्त्रात सुपरॲसिड म्हणतात. जेम्स ब्रायंट कोनंट यांनी १९२७ मध्ये हे नाव वापरलं. जॉर्ज ओलाह यांच्या प्रयोगशाळेत अशा एका ॲसिडात मेणबत्तीचा तुकडा विरघळला आणि त्याला ‘मॅजिक ॲसिड’ म्हणू लागले. या कामासाठी ओलाह यांना १९९४ चं नोबेल मिळालं. ज्याचं नाव मुलं घोकत असतात ते फ्लुओरोअँटिमोनिक ॲसिड पाण्याशी स्फोटक वेगाने भिडतं आणि टेफ्लॉनच्या भांड्यातच टिकतं. आपल्याकडे जुलैत साधी सल्फ्युरिकची बाटली बूच सैल राहिली तरी हवेतलं पाणी ओढून घेऊन तिची पातळी वर चढते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. असल्या हवेत सुपरॲसिड हाताळायला पूर्ण कोरडी, बंद पेटी लागते. घरात ते होणे नाही.

पण तीव्रता आणि घातकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बोरेन ॲसिड सल्फ्युरिकच्या कितीतरी पट तीव्र असूनही काचेच्या बाटलीत निवांत राहतं. उलट हायड्रोफ्लुओरिक ॲसिड पाण्यात मिसळलं की पुस्तकाच्या हिशेबाने ‘सौम्य’ ठरतं, आणि तेच काच खातं. कातडीवर त्याचं पाणी घालून पातळ केलेलं द्रावण पडलं तर कित्येकदा तासन्‌तास काही जाणवतही नाही. तोवर त्यातलं फ्लुओराईड आत झिरपून शरीरातल्या कॅल्शियमला आणि मॅग्नेशियमला बांधून टाकतं. मग वेदना सुरू होतात, हाडापर्यंत इजा जाते, आणि डाग मोठा असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदय थांबू शकतं. या ॲसिडातलं फ्लुओरिन हे मूलद्रव्य वेगळं काढायच्या प्रयत्नात बेल्जियमचे पोलिन लुये आणि फ्रान्सचे जेरोम निक्लेस यांचे जीव याच विषाने घेतले, आयर्लंडचे नॉक्स बंधू अंथरुणाला खिळले. अखेर १८८६ मध्ये आंरी म्वासां यांना ते साधलं आणि १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही सगळी माणसं आयुष्यभर प्रयोगशाळेत वावरलेली होती. गंजाचे डाग, फरशी, गाड्यांच्या रिम साफ करायच्या काही द्रावणांत हे ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात, म्हणून हा विषय घरापासून लांबचा नाही. बाटलीवरचं लेबल वाचा आणि लेबल नसलेली बाटली घेऊ नका. हे ॲसिड अंगावर पडलं तर तातडीचा उपाय म्हणजे भरपूर पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहणं आणि तसंच रुग्णालय गाठणं. वाळपईहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत तास सहज मोडतो. आरोग्य खात्याने हे जेल प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावं, ही माझी पहिली मागणी.

आता सोन्याकडे वळते. आपले शेट (सोनार) लोक सोन्याची पारख आणि शुद्धी ॲसिडाने करत आले आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडांच्या मिश्रणात, सोनं विरघळतं हे खरंच आहे. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवली. ते द्रावण फळीवर तसंच राहिलं, युद्धानंतर त्यातून सोनं परत काढलं गेलं आणि पदकं नव्याने पाडली गेली. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात. म्हणून ती मी सांगतच राहणार.

मात्र त्याच मुलांना पुढचंही सांगायला हवं. संगणकाच्या पाटीवरचा सोन्याचा मुलामा बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याच्या खाली तांबं, निकेल, कथील आणि जुन्या पाट्यांत शिसं. नायट्रिक ॲसिड तांब्यावर पडलं की तांबूस वाफ सुटते, तो नायट्रोजन डायऑक्साईड. तो छातीत गेला तर त्या वेळी जरासा खोकला येतो आणि माणूस विसरून जातो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. खोकला थांबला म्हणून घरी झोपून राहणारा मुलगा सकाळपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो. आणि उरलेलं हिरवं-निळं पाणी कुठं ओततात? परसात, माडाच्या बुंध्याशी. आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. शिसं आणि तांबं घेऊन ते ॲसिड पावसाबरोबर खाली उतरतं, आणि आपल्याकडे परसातच विहीर असते.

दुकानदारांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. लक्ष्मी विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी स्पष्ट आदेश दिले: ॲसिड विकताना खरेदीदाराचं सरकारी ओळखपत्र पाहायचं, त्याचा पत्ता आणि खरेदीचं कारण नोंदवहीत लिहायचं, अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकायचं नाही, साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा. मोडल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. मी स्वतः आमच्या भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या जुन्या बाटलीतून संडासाचं पिवळट ॲसिड शाळेच्या गणवेशातल्या मुलाला देताना पाहिलं आहे. नोंदवही विचारली तर दुकानदाराने गिऱ्हाईक बघायला मान वळवली. फिनेल-ॲसिड घेऊन दारोदार येणारे विक्रेते तर कुणाच्याच वहीत नाहीत. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरणं हे तहानलेल्या पोराच्या हातात विष ठेवणं आहे. मामलेदार कचेरीतल्या आणि उपजिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या माणसांनी साध्या वेशात एक फेरी मारावी, पुरे.

गृहिणींसाठीही एक गोष्ट. विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन सुटतो. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तोच वायू. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

आणि अंगावर ॲसिड पडलंच तर? धावत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं, घड्याळ बघून. कपडे, अंगठी, बांगड्या पाणी ओतत असतानाच उतरवा, त्यांच्या खाली ॲसिड दबून राहतं. चुना, सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. कातडीवर ॲसिडावर सोडा टाकला तर उष्णता वाढून जखम खोल जाते. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी ओता. १०८ ला फोन करा आणि ती बाटली सोबत न्या. नळाला पाणी नसण्याचे दिवस आपल्याला नवे नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत म्हणून मी भरलेलं पिंप आणि तांब्या दाराशी कायम ठेवत असे आणि प्रात्यक्षिक संपल्याशिवाय ते कुणाला हलवू देत नसे.

इथे मी मूळ मागणीवर येते. त्या मुलीने मला विचारलं, ‘बाई, मग मी कुठं करू?’ याचं उत्तर आपल्या व्यवस्थेत नाही. दुपारी शाळा सुटली की प्रयोगशाळेला कुलूप. बारावीची प्रात्यक्षिकं ठरावीक. क्षार ओळखा, टायट्रेशन (थेंब मोजून ॲसिडाचं प्रमाण काढणं) करा, वही सही करून घ्या. मुलाने ‘असं केलं तर काय होईल?’ विचारलं तर त्याला वेळ नाही म्हणून गप्प बसवलं जातं. त्या कुलूपबंद खोलीत धूर बाहेर ओढणारं कपाट असतं, चष्मे असतात, वाळूची बादली असते, आणि ॲसिड आणि अमोनियाच्या बाटल्या एका फळीवर ठेवल्या तर त्यांच्या गळ्यावर पांढरी भुकटी का साचते हे सांगणारं माणूस असतं. आणि जिज्ञासू मूल मात्र मोरीत बसलेलं असतं. पणजीतल्या मिरामारचं विज्ञान केंद्र चांगलं आहे, पण पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या मुलाला ते दर आठवड्याला कसं जमायचं?

शिक्षण खात्याने प्रत्येक तालुक्यात निदान एक उच्च माध्यमिक प्रयोगशाळा शनिवारी दुपारी खुली ठेवावी. एका वेळी दहा-बारा मुलं, एक शिक्षक, एक साहाय्यक. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशात शाळा-महाविद्यालयांनी ॲसिडाच्या वापराची नोंद ठेवावी, एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी सोपवावी आणि बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी असं म्हटलं आहे. ते पाळून हे सगळं करता येतं. सुरुवात थेंबांनी करावी. पोर्सेलीनच्या खळग्यांच्या ताटलीत दोन-दोन थेंब घेऊन होणाऱ्या क्रिया परीक्षानळीतल्याइतक्याच सुंदर दिसतात आणि सांडलं तर फडक्याने पुसून होतं. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीचा रस ॲसिडात लाल राहतो आणि अल्कलीत रंग पालटतो, त्याची रंगपट्टी मुलांनी स्वतः करावी. घरोघरच्या सुरेच्या (माडीच्या) व्हिनेगारचं टायट्रेशन करावं. कुणाच्या आजीचं व्हिनेगार किती कडक, हे बुरेटवर कळतं तेव्हा मुलं टेबल सोडत नाहीत. मग सल्फ्युरिक पाण्यात थेंब-थेंब सोडताना थर्मामीटर कसा चढत जातो ते बघावं, म्हणजे पाणी ॲसिडात का ओतायचं नाही हे पाठ करावं लागत नाही. आणि चष्मा लावून, कपाटाच्या काचेमागे, नायट्रिकची ती तांबूस वाफही एकदा दाखवावी. तिची भीती मुलांनी पाहून शिकलेली बरी.

नोकरीतून निवृत्त झालेले आमच्यासारखे साहाय्यक प्रत्येक तालुक्यात आहेत. मानधनाचा प्रश्न पुढे करून हे थांबवू नये. डिचोली, साखळी किंवा वाळपईच्या कुठल्याही विद्यालयाने चवथीच्या सुट्टीनंतर शनिवारी प्रयोगशाळा उघडायची तयारी दाखवली तर मी येऊन बसेन. चष्मे आणि मोजे पालक-शिक्षक संघाने घ्यावेत, एवढीच अट. त्या मुलीचं नाव यादीत पहिलं घालावं, असं मी तिच्या आईला सांगून ठेवलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
डिचोली, गोवा