तिकीट म्हणजे जकात नव्हे

लंडन
रजबचा पहिला आठवडा

प्रिय इरफान,

अस्सलामु अलैकुम. अम्मींना सलाम, पोरांना दुआ. तुझा निरोप आणि पत्रिकेचा कच्चा मसुदा, दोन्ही मिळालं. मदतीसाठीची गाण्याची बैठक बडोद्यात सूरसागर तलावाच्या बाजूलाच ठेवलीस हे बरं झालं, दांडिया बाजारातली म्हातारी मंडळी पायी येतील. पण तळाची ती ओळ, 'तिकिटांची संपूर्ण रक्कम जकात म्हणून दिली जाईल', ती तेवढी छापायला देऊ नकोस. आधी हे पत्र कमिटीत वाचून दाखव. एक प्रत मिरजेला मामूंनाही धाड, त्यांच्या वाद्यांच्या दुकानाचा हिशेब यातच लिहिलाय.

तिकीट घेणाऱ्याला खुर्ची मिळते, तीन तास गाणं मिळतं. तो सरळ सौदा झाला. जकात म्हणजे ऐपतदार मुसलमानाचं सक्तीचं वार्षिक दान: बदल्यात काही न घेता, जकातीची नियत (मनाशी संकल्प) करून, हकदाराच्या हातात मालकीसकट दिलेला पैसा. या मालकी सोपवण्यालाच तमलीक म्हणतात आणि बहुतेक गफलती तिथंच होतात. गंमत बघ, इथल्या करखात्याचा नियमही नेमका हाच आहे. ब्रिटनमध्ये करदात्यानं नोंदणीकृत संस्थेला एक पौंड दिला की 'गिफ्ट एड'खाली संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मिळतात. तिकिटाच्या पैशावर मात्र मिळत नाहीत, कारण देणाऱ्यानं त्या बदल्यात काहीतरी घेतलेलं असतं. कमिटीतल्या काकांना फिकहपेक्षा, म्हणजे धर्मशास्त्राच्या नियमांपेक्षा, हे उदाहरण लवकर पटेल.

तेव्हा दोन पावतीपुस्तकं छाप. पांढरं तिकिटांचं आणि लिल्लाहचं, म्हणजे ऐच्छिक मदतीचं. हिरवं फक्त जकातीचं. कोणी ३०० च्या तिकिटाला १,००० देऊन 'वरचे जकातीत धरा' म्हणाला तर ७०० ची हिरवी पावती वेगळी फाड. दारावर पेट्याही दोन ठेव, आणि पेटीशी बसणाऱ्या पोराला एकच प्रश्न शिकव: 'जकात की लिल्लाह?' मागाहून विचारून उपयोग नसतो. नियत देताना लागते, निदान पैसा गरजवंताच्या हाती जायच्या आत तरी.

हिरव्या पुस्तकातला पैसा हॉलचं भाडं, माईक, छपाई, चहा यांतल्या कशालाही लावायचा नाही. कमिटी फक्त देणाऱ्याची वकील, म्हणजे प्रतिनिधी, आहे. आपल्या हनफी मजहबाच्या (धर्मशास्त्राच्या परंपरेच्या) मताप्रमाणे पैसा तुमच्या खात्यात आला म्हणून देणाऱ्याची जकात अदा होत नाही, हकदाराच्या हातात पडला की होते. म्हणून तो सहा-सहा महिने खात्यात पडून राहता कामा नये. त्यातून गरीब पोराला तबल्याची जोडी त्याच्या मालकीची म्हणून घेऊन देता येते, तीच जोडी क्लासच्या कपाटात ठेवायला घेतली तर जकात होत नाही. रुग्णाच्या हातात औषधाचं पाकीट दिलं तर चालतं, दवाखान्याला यंत्र दिलं तर बहुतेक हनफी उलेमा नाही म्हणतात.

खर्च भागवायला आधी चार दुकानदार गाठ. हॉल एकानं उचलावा, ध्वनिव्यवस्था दुसऱ्यानं. मग २०० खुर्च्यांचे ३०० प्रमाणे ६०,००० होतात ते सगळे मदतीला मोकळे राहतात. आणि एक गोष्ट कमिटीला नीट बजाव. मुख्य कलाकारानं मानधन सोडलं तर त्याचे आभार मान, पण तबलजी, हार्मोनियमवाला आणि मागे तानपुऱ्यावर बसणारी पोरं यांचे पैसे आणि रिक्षाभाडं ठरल्याप्रमाणे दे. 'दानाचं काम आहे' म्हणून साथीदाराला फुकट बसवायची रीत वाईट आहे. पुष्कळदा तो साथीदार स्वतःच जकातीचा हकदार असतो, आणि आपण त्याच्याकडून दान घेऊन मोकळे होतो.

कागदाचं काम आधी का करायचं, याला १९७१ चं उदाहरण पुरे. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन खेळ झाले. सुरुवातीला रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुगलबंदी, तबल्यावर अल्ला रखा. दारावरचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफला पोचले. पण नंतर ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेले लाखो डॉलर कित्येक वर्षं अमेरिकी करखात्यात अडकले, कारण आयोजकांनी करमाफीची व्यवस्था आधी करून ठेवली नव्हती. वाजवणाऱ्यांची नियत साफ होती, दोष कागदाचा होता. तुमच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण होणार असेल तर त्याचे हक्क कुणाचे आणि उत्पन्न कुठल्या खात्यात जाणार, हे आधीच एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे.

आता इथून पैसे पाठवायचं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत ट्रस्टला देतो, ते 'विदेशी अंशदान' धरत नाहीत. मात्र ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला आपलाच माणूस विदेशी स्रोत ठरतो, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी. त्याचा एक पौंडसुद्धा एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या ट्रस्टला घेता येत नाही. नोंदणी असली तरी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते, आणि तिथून दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. बडोद्यातल्या मोबाईलवरचा क्यूआर कोड इथल्या ग्रुपवर टाकायचा विचार असेल तर सोडून दे. पैसा कुणाचा, कुठल्या पासपोर्टाचा, हे त्यात कळत नाही आणि नंतर उत्तरं ट्रस्टला द्यावी लागतात. घरच्या नातेवाइकाला पाठवलेला पैसा वेगळा, तो घरखर्चाचा म्हणूनच राहू दे, त्याला ट्रस्टचा वळसा देऊ नकोस. तिथल्या देणगीदाराला करसवलतीची पावती हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नकोस.

गाझा आणि सुदानसाठीही गोळा करावं असं पोरांचं म्हणणं आहे. पोटतिडीक समजते. पण बडोद्यात गोळा केलेले रुपये तिकडे न्यायला परकीय चलनाचे नियम आडवे येतात, आणि मधल्या ओळखीच्या माणसामार्फत पाठवले की पैसा कुठं गेला ते विचारायची सोय उरत नाही. त्यासाठी इथले लोक इथल्या नोंदणीकृत संस्थांना देतील, गिफ्ट एडसकट. तुम्ही तिथलं बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, पुन्हा शिरेल तेव्हा गाद्या, शेगड्या, वह्यापुस्तकं यांची गरज कुणालाही लागेल. आणि आपल्याकडे रूढ असलेल्या मताप्रमाणे जकात मुसलमान हकदारालाच जाते. लिल्लाह आणि सदका (ऐच्छिक दान) कुणालाही देता येतो. पुराच्या मदतीत दार बघून मदत करायची नसते, म्हणून तिकिटांचा पैसा लिल्लाहमध्ये असणं हेच सोयीचं आहे. जकात दुसऱ्या गावी पाठवणं फिकहमध्ये नापसंत आहे, तिथं आपले नातेवाईक असतील किंवा गरज जास्त असेल तर गोष्ट वेगळी.

मामूंच्या हिशेबाकडे येतो. कलाकाराची स्वतःची वाद्यं, कितीही महाग असोत, जकातीत धरत नाहीत. ती हत्यारं आहेत. विकायला ठेवलेली वाद्यं मात्र माल आहेत, आणि आजच्या विक्रीच्या भावानं धरायची, बनवायला काय खर्च आला त्या भावानं नाही. अर्धवट सतार जशी आहे तशी विकली तर काय येईल, तेवढी किंमत. जुन्या फिकहमध्ये दाखला आहे: रंगाऱ्याचा रंग कापडावर राहतो म्हणून धरायचा, धोब्याचा साबण वाहून जातो म्हणून धरायचा नाही. मामूंच्या दुकानात याचा अर्थ असा, की भोपळे, तुणाचं लाकूड, तारा, पडदे, खुंट्या, हाडाच्या घोड्या, इतकंच काय लाखेचं पॉलिशसुद्धा धरायचं. काचकागद धरायचा नाही. पटाशी, रंधा, करवत हे सोडून द्यायचं. दुरुस्तीला आलेली वाद्यं गिऱ्हाइकाची आहेत, ती यादीत येतच नाहीत. मागच्या खोलीत टांगलेले भोपळे बहुतेक विसरले जातात. ते मोजायला सांग.

निसाब, म्हणजे जकात लागू व्हायची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. इथं एक खड्डा आहे. सराफाच्या बोलण्यातला तोळा आता १० ग्रॅमचा झालाय, निसाबाचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. कुणाकडे नुसतंच सोनं असेल तर सोन्याची मर्यादा, आणि सोन्याबरोबर रोकड किंवा माल असेल तर सगळ्याची बेरीज करून चांदीच्या मर्यादेशी ताडायची. नमुना म्हणून: रोकड आणि बँकेत २,४०,०००, माल ३,१०,०००, गिऱ्हाइकाकडून नक्की येणं ५०,०००. बेरीज ६,००,०००. त्यातून आता चुकवायचं देणं १,००,००० वजा. उरलेल्या ५,००,००० चा चाळिसावा हिस्सा १२,५००. हे चांद्र वर्षाचं. मामू हिशेब मार्चअखेर करतात, तर वर्ष अकरा दिवसांनी लांबतं, म्हणून अडीचऐवजी २.५७७ टक्के, म्हणजे १२,८८५. नाहीतर ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते.

वहिनीच्या दागिन्यांवरून घरात वाद आहे म्हणतोस. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण हनफी, आपल्याकडे अंगावरच्या सोन्यावरही जकात आहे. वहिनीचं माहेर कोकणातलं, शाफई मजहबाचं, त्यांच्याकडे रोजच्या वापरातल्या दागिन्यांना माफी आहे. दागिने तिचे आहेत, तेव्हा निर्णयही तिलाच करू दे.

जकात आई-बाप, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको यांना देता येत नाही. भाऊ, बहीण, मामू, चाचा हकदार असतील तर त्यांना आधी. आणि ही जकात आहे असं सांगायची गरज नसते. म्हाताऱ्या सारंगीवाल्याच्या हातात पाकीट देताना मंचावर फोटो काढू नका.

मशिदीच्या कमिटीनं गाण्याचा पैसा नाकारला तर वाद घालू नकोस. या प्रश्नावर एकमत कधी नव्हतं. इमाम गजालींनी समाअवर, म्हणजे गाणं ऐकण्यावर, सविस्तर लिहून अटींसह वाट ठेवली, इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीसा कमजोर ठरवल्या, चारही मजहबांतल्या बहुसंख्य फकिहांनी (धर्मशास्त्र्यांनी) तंतुवाद्यांना मनाईच केली. इथले यूसुफ इस्लाम, पूर्वीचे कॅट स्टीव्हन्स, यांनी १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारला. १९७९ च्या नोव्हेंबरात वेम्ब्लीला युनिसेफसाठी गाऊन त्यांनी गिटार खाली ठेवली. १९८३ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात शाळा काढली, आणि पॉप गाण्यांचा नवा अल्बम घेऊन परतायला २००६ उजाडलं. मधल्या काळात ते जगाच्या घडामोडींवर बोलले, त्यातलं सलमान रश्दींवरच्या फतव्याबद्दलचं १९८९ चं बोलणं त्यांना अजून चिकटून आहे, आणि २००४ मध्ये त्यांना अमेरिकेच्या दारातून परत पाठवलं गेलं. माझ्या मते शाळा हे त्यांच्या बोलण्यापेक्षा मोठं काम. म्हणून मंचावरचं निवेदन दीड मिनिटाचं ठेव: कशासाठी, किती, कुणामार्फत. बाकी गाण्याला बोलू दे.

वेळ दुपारची धर, तीन ते सहा. मधे असरच्या नमाजाला चहाची सुट्टी. भीमपलासी, पटदीप, मुलतानी बैठकीत हल्ली ऐकायला मिळतात कुठं? मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत मोकळे व्हाल आणि रात्री दहाच्या भोंग्याच्या बंदीचीही काळजी नाही.

पत्रिकेत दोन दुरुस्त्या. मौलाबख्शांची बडोद्यातली गायनशाळा १८८६ ची, तू १८९६ लिहिलंयस, ते त्यांच्या निधनाचं साल. आणि त्यांचे नातू इनायत खाँ बडोद्याहून 'निघून गेले' एवढंच लिहू नकोस. १९१० मध्ये ते भावांसह वीणा घेऊन अमेरिकेला गेले. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची बिनतारी संदेशवाहक म्हणून फ्रान्समध्ये उतरली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छळछावणीत मारली गेली. इथं गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा आहे. बडोद्याच्या पत्रिकेत तिचं नाव यायलाच हवं.

हिरव्या पावतीचा मजकूर छपाईआधी मला पाठव. त्यात 'जकात' शब्दासमोर तारीख, रक्कम आणि देणाऱ्याची सही, एवढी जागा सोड. फित्र्याचा, म्हणजे रमजान ईदच्या दानाचा, रकाना वेगळा कर, माणशी पावणेदोन किलो गव्हाची किंमत, ईदच्या नमाजाआधी पोचेल असा. छापखानेवाल्याला सांग, मधला कार्बन दोन्ही पुस्तकांना हवा.

तुझा
भाईजान