डायलिसिसच्या खोलीबाहेर बसणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून किडनीच्या आजारावर बरंच छापून येतं. मीठ किती खावं, बीपी आणि साखर कशी सांभाळावी, अवयवदानाचा अर्ज कसा भरावा, सगळं उपयोगाचं असतं. आपल्या पुरवणीतली अशी कात्रणं मी जपून ठेवली आहेत. पण त्या मजकुरात एक माणूस मला कधी सापडत नाही. पेशंटला रिक्षातून उतरवून आत नेऊन सोडणारा, आणि मग चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहणारा. मी त्यांतलाच एक. त्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र लिहितो आहे.

माझं सारं आयुष्य कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं. ऑइल इंजिनचे सुटे भाग, पंपाचे शाफ्ट, मिळेल तो जॉब केला. आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, साखर जुनीच होती, तिनंच किडन्या खाल्ल्या. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळच्या पाळीला. जनआरोग्य योजनेमुळे खर्चाचा मोठा बोजा उतरला, हे कृतज्ञतेनं सांगतो. किडनी द्यायला मी तयार होतो, पण तपासणीत माझीही साखर निघाली आणि तो विषय तिथंच मिटला. मुलगा चाकणला कंपनीत आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. कारखान्यात मी आता फक्त बाकीच्या दिवशी जातो, तेही अर्धा दिवस. मालक जुने आहेत, त्यांनी सांभाळून घेतलं.

बाहेरच्या बाकावरचं बसणं कसं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सुरुवातीला सगळे एकमेकांना विचारतात, कुठलं गाव, किती दिवस झाले, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) किती. कोण गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरून आलेला असतो, कोण शाहूवाडीकडून. मग बोलणं संपतं. मोबाइल बघून बघून डोळे दुखतात. एखाद्या दिवशी नेहमीच्या बेडवरचे मामा दिसत नाहीत आणि ते का आले नाहीत हे कुणी कुणाला विचारत नाही. दर वेळी चार तास माणूस त्याच विचारात गरगरत राहतो. घरी गेल्यावरही तो विचार सुटत नाही, रात्री झोप लागत नाही. मला तर आतून मशीनचा अलार्म वाजला की छातीत धस्स व्हायचं, मग ती कुणाचीही मशीन असो.

दवाखान्यापासून टाऊन हॉल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डायलिसिस सुरू झालं की एकदा आत डोकावायचं, सिस्टरना सांगायचं आणि पाय मोकळे करायला टाऊन हॉलच्या बागेत जायचं, असा माझा क्रम पडला. तिथं जुनी मोठी झाडं आहेत, सावली दाट असते. चित्रकला महाविद्यालयाची मुलं बोर्ड मांडीवर घेऊन चित्रं काढत बसलेली असतात. मी मागं उभा राहून बघायचो. एकदा एका पोरीनं मान वर करून म्हटलं, "काका, उभं का? बसा की. काढताय का तुमीबी?" मी नाही नाही म्हणेपर्यंत तिनं वहीतला कागद फाडून, खाली पुठ्ठा देऊन माझ्या हातात दिला. टू-बी पेन्सिलही तिचीच.

समोर टाऊन हॉलची इमारत. १८७२ ते ७६ या काळात बांधलेली, चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराची. आपला न्यू पॅलेसही त्याचाच. टोकदार कमानींच्या खिडक्या, उतरती छपरं, वर निमुळते मनोरे. मला वाटलं, हे आपल्याला जमेल, ड्रॉइंग वाचण्यातच जन्म गेलाय. मी खिशातली सहा इंची पट्टी काढली. ती पोरगी म्हणाली, "पट्टी नको काका. हात लांब धरा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून मापा. कमानीची रुंदी एक धरली तर उंची किती पट, एवढंच बघा." तिनं करून दाखवलं. हात कोपरात वाकला की माप चुकतं, हेही सांगितलं. मायक्रोमीटरनं थाउत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मापणारा मी, पण माझ्या डोळ्यानं असं माप घेता येतं हे मला ठाऊक नव्हतं. एक कमान काढता काढता वेळ कसा गेला कळलं नाही. घड्याळ पाहून धावत परत आलो तर डायलिसिस संपायला अजून अवकाश होता. मधल्या वेळात पोटॅशियम, हिमोग्लोबिन, पुढच्या महिन्याचा घरखर्च यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजार सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं.

मग मी वही घेतली, पेन्सिली घेतल्या, काही दिवसांनी जलरंगाच्या ट्यूबांची लहान पेटी आणि एक गोल ब्रश घेतला. फार पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच पांढरा सोडायचा असतो. म्हणजे उजेड कुठं राहणार हे आधी ठरवायचं आणि तिथं हात लावायचा नाही. फिकटाकडून गडदाकडे जायचं. पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळल्याशिवाय दुसरा दिला की चिखल होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कागद वाळता वाळत नाही, नुसतं धरून बसावं लागतं. आधी त्याचा राग यायचा, आता त्या वेळात मी समोरचं नीट बघून घेतो.

त्या इमारतीचा काळा दगड मी पहिल्यांदा काळ्या ट्यूबनं रंगवला. चित्र मेल्यासारखं दिसलं. त्या मुलांतल्याच एकानं सांगितलं, काळी ट्यूब पेटीतून काढूनच टाका. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा एकत्र करा. तपकिरी जास्त झाला तर उन्हातला दगड, निळा जास्त झाला तर सावलीतला. करून बघितलं. मग दगडाजवळ जाऊन बघितलं. खरोखरच सावलीच्या बाजूला दगडावर निळसर झाक असते, आणि सकाळचं ऊन तिरकं पडतं तिथं तो तांबूस होतो. कोल्हापुरात जन्म गेला, वाडे, घाट, देवळं सगळी या दगडाची, रोज अंगाखांद्यावरून गेल्यासारखी. तरी त्याचा रंग मी आता बघतोय. आता रिक्षातून जातानासुद्धा मी भिंती बघत जातो.

टाऊन हॉलमध्येच आपलं वस्तुसंग्रहालय आहे. लहानपणी शाळेच्या रांगेतून गेलो होतो, त्यानंतर थेट आता. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जे उत्खनन झालं, त्यात सापडलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा लहानसा कांस्य पुतळा तिथं आहे. समुद्रापलीकडून व्यापाराबरोबर आलेला. धातूत हयात घालवलेल्या माणसानं तो नक्की बघावा. इतक्या जुन्या काळचं ओतकाम, आणि अंगाचा बाक किती सहज उतरलाय! पण मी जास्त वेळ थांबतो तो आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परत आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि रंकाळा तलाव, त्याच्या पाण्यातला संध्यामठ, कोटितीर्थ हे आपल्या पायाखालचेच विषय त्यांनी आयुष्यभर रंगवले. १९३१ साली ते गेले. पाण्यावरचा उजेड त्यांनी कसा सोडलाय हे बघायला मी चित्राजवळ जातो, मग मागं सरकतो, परत जवळ जातो. तिथला रखवालदार आता मला ओळखतो. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथंही जाऊन आलो. सिनेमातला एवढा मोठा नट, पण निसर्गचित्रासाठी उन्हातान्हात बसायचा, त्याचं पावडर शेडिंगचं, म्हणजे भुकटी घासून छटा काढायचं, काम तर बघत राहावं असं आहे.

आता थोडं अवघड बोलतो. "बायको तिथं सुया टोचून घेतीया आणि हा बागेत चित्रं काढतोय," असं माझ्या पाठीमागं बोललं गेलं. घरातल्याच माणसांनी बोललं. मला ते फार लागलं होतं आणि काही दिवस मी वही घरी ठेवून बाकावर बसून राहिलो. त्यानं कुणाचं काय भलं झालं? मी चिडचिडा झालो, पथ्याच्या पाण्यावरून तिच्यावर ओरडलो. डायलिसिसच्या पेशंटला दिवसाचं पाणी मोजून असतं, चहासुद्धा त्यातच धरायचा. उन्हाळ्यात तहानेनं तिचा जीव कासावीस होतो आणि भांडं माझ्या हातात असतं. अशा वेळी सांभाळणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असणं ही पेशंटचीच गरज आहे. चित्रानं क्रिएटिनिन उतरत नाही, मला माहीत आहे. पण जो माणूस घटकाभर मोकळा होऊन येतो तो पाण्याचा घोट नाकारतानासुद्धा प्रेमानं नाकारतो. ज्यांना असे टोमणे ऐकावे लागतात त्यांना माझं सांगणं आहे, यात अपराधी वाटून घेऊ नका.

वही परत उघडायला लावली ती तिनंच. "अवो, वही कुठं हाय तुमची? आज काय दावणार मला?" असं तिनं सुई निघता निघता विचारलं. डायलिसिसनंतर ती इतकी गळून जाते की बोलणंही नको वाटतं. पण आता रिक्षात ती वही मांडीवर घेऊन बघते. चुकाही काढते, ही कमान डावीकडं कललीया, हे झाड असं वाढतच न्हाई. माहेरची शेतकऱ्याची पोर, झाडाचं तिला माझ्यापेक्षा कळतं. एकदा सिस्टरची परवानगी काढून मी आत बसून तिचा डावा हात काढला. फिस्टुला केलेली, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेली, शीर मनगटाच्या वर फुगलेली असते, बोट ठेवलं तर आत सतत घरघर लागते. ती घरघर चालू आहे ना हे आम्ही रोज सकाळी तपासतो. इतके दिवस मला त्या शिरेकडं बघवत नव्हतं. त्या दिवशी नीट बघितली, तिचं वळण, टोचण्याच्या जागा, बाजूची सावली, वरची हिरवी बांगडी. चित्र बघून ती म्हणाली, "शीर बरुबर आलिया." ते पान तिनं फाडून घेतलं आणि रिपोर्टांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

हल्ली विषय तीच ठरवते. संध्यामठ काढून आणा म्हणाली. लग्नानंतर आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचो, आता तिला एवढं चालवत नाही. पावसाळ्यात तळं भरलं की मठ पाण्यात बुडतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोकळा होतो. डायलिसिस नसलेल्या सकाळी मी लवकर जाऊन बसतो. पाण्यातलं प्रतिबिंब अजून मला साधलेलं नाही, खांब वर आणि खाली जुळत नाहीत, पण प्रयत्न चालू आहे आणि त्यात मला आनंद मिळतो. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आमच्या घरात दुखणं आहे, उद्याची शाश्वती नाही, आणि तरीही आनंद मिळतो.

संपादकसाहेब, या शहराला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटरांसारखी माणसं इथली. आजही चित्रकार इथं गल्लोगल्ली आहेत, चित्रकलेची महाविद्यालयं आहेत, शाहू स्मारकच्या दालनात प्रदर्शनं लागतात. मग या कलेतला एक घास दवाखान्याच्या बाकापर्यंत का पोचू नये? डायलिसिस असो, केमोथेरपी असो, जिथं नातेवाइकांना तासन्‌तास बसावं लागतं तिथं एक लहानसं कपाट ठेवावं. त्यात कोरे कागद, पुठ्ठे, पेन्सिली. आठवड्यातून एकदा चित्रकला महाविद्यालयाची दोन मुलं किंवा एखादे निवृत्त चित्रकला शिक्षक येऊन बसले तरी पुरे. मुलांना बसलेल्या माणसांचं रेखाटन करायला मिळेल, त्यांनाही सराव हवाच असतो. महापालिकेच्या शाळांतले वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. त्यातला एखादा आठवड्यातून एकदा मोठ्या माणसांसाठी उघडावा. चित्रकलेच्या इलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा शाळकरी पोरांसाठी आहेत, त्या राहू देत. आमच्या वयाच्या माणसाला परीक्षा नको, कुणीतरी "हात लांब धरा" एवढं सांगणारं हवं. ज्याला चित्र नको त्यानं विणकाम करावं, बाजाची पेटी शिकावी, हरकत नाही. मला जे ठाऊक आहे ते मी सांगितलं.

आपल्या वर्तमानपत्रानं हा विषय लावून धरावा आणि जे शिक्षक वेळ देऊ शकतील त्यांना आवाहन करावं, ही विनंती. कपाट होईल तेव्हा होईल. तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी मी टाऊन हॉलच्या बागेत असतो. बाकावर बसून कंटाळलेल्या कुणालाही यायचं असेल त्यानं यावं, दोन पुठ्ठे आणि तासलेल्या पेन्सिली मी जादा घेऊन येतो.

आपला,
एक लेथ कामगार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर