कोयनेच्या भ्रंशाचे मूल्यमापन लोकांपुढे यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना परिसरात भूकंपाचा धक्का बसला, की त्याची तीव्रता, कोयनानगरपासूनचे अंतर आणि ‘धरणास कोणताही धोका नाही’ एवढी माहिती दिली जाते. पाटण तालुक्यात आम्हाला हे वाक्य तोंडपाठ झाले आहे. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र ते कशाच्या आधारावर म्हटले जाते, हे सांगितले जात नाही.

11 डिसेंबर 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 180 माणसे दगावली. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचे आडवे त्वरण, म्हणजे हादऱ्याचा जोर, गुरुत्वीय त्वरणाच्या अवघे 5 टक्के धरले होते; धरणाच्या गॅलरीतील यंत्राने त्या पहाटे भिंतीच्या लांबीच्या दिशेने 63 टक्के त्वरण नोंदवले. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीला, जिथे तिचा उतार बदलतो नेमक्या त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या आणि पुढे तिला खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम आधार द्यावे लागले.

ही तजवीज हादऱ्यासाठी झाली. भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकातील मोठी भेग, सरकणे हा वेगळा धोका आहे. 1967 मध्ये डोणीचावाडा भ्रंशाच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले आणि जमिनीवर भेगांची रांग उमटली. हादरा सोसायला भिंत जाड करता येते. परंतु बोगद्याला छेदणारी भ्रंशाची एखादी उपशाखा वीतभर जरी सरकली, तरी अस्तराची जाडी कामाला येत नाही. कोयना जलाशयाचे पाणी नवजाकडून पोफळीच्या वीजगृहाला बोगद्यांतूनच जाते, म्हणून हा प्रश्न निव्वळ भिंतीपुरता नाही. शिवाय वारणेचा जलाशय भरू लागल्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले, तेव्हा भ्रंशांच्या जुन्या नकाशावर विसंबून चालणार नाही. गोठणे येथे 3 किलोमीटर खोल वेधछिद्र (बोअर) घेऊन शास्त्रज्ञ वरच्या बेसाल्ट खडकाखालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोहोचले. ते ज्ञान प्रकल्पाच्या सुरक्षा-अहवालात कितपत उतरले, हे सामान्य माणसाला कसे कळावे?

धरण सुरक्षा कायदा, 2021 नुसार जुन्या धरणांचेही स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत व्हावयाचे आहे. त्यात कोणत्या भ्रंशशाखा सक्रिय मानल्या, किती सरकणे गृहीत धरले, जमीन किती सरकते याचे जीपीएस केंद्रांवरील मोजमाप काय सांगते आणि बोगदे, जलवाहिन्या व दरवाजे त्या हिशेबाने तपासले का, याचा मराठी सारांश जलसंपदा विभागाने प्रसिद्ध करावा. तो पाटण, कराड व चिपळूण तालुक्यांतील ग्रामपंचायतींना मिळाला पाहिजे. घाटमाथ्यावर जे नवे उदंचन प्रकल्प (पाणी वरच्या तलावात चढवून, पुन्हा खाली सोडून वीज करणारे) आखले जात आहेत, त्यांच्या तलावांतील पाण्याची पातळी, आणि तिच्याबरोबर खालच्या खडकावरचा भार, रोज चढणार-उतरणार आहे. त्यांना मंजुरी देण्याआधीच ही तपासणी सक्तीची करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)