सप्ताह झाला, समुपदेशक कुठे?

‘महाविद्यालयांत मानसिक आरोग्य सप्ताह’ ही बातमी वाचली. व्याख्यान, योगवर्ग, पोस्टर स्पर्धा सारे ठीक. पण सप्ताह सरल्यावर विद्यार्थ्याने जायचे कोणाकडे? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात मारले जाते. ज्यांच्या हाती हजेरी आणि अंतर्गत गुण, त्यांच्यापुढे ‘सर, एटीकेटी लागल्यापासून झोप येत नाही’ असे कोण बोलेल? सूचना फलकावर युवा महोत्सवाची निवड चाचणी, परीक्षा अर्जाची मुदत ठळक असते. तिथेच समुपदेशकाची खोली व वेळ आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावायला असा कितीसा खर्च येतो? (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटले की मात्र फलक रातोरात भरतात.) संलग्नीकरणाच्या तपासणीत विद्यापीठांनी कार्यक्रमांच्या छायाचित्रांऐवजी समुपदेशकाच्या नेमणुकीचे पत्र मागावे.

– एक पालक, सातारा