ल आव्रचं बंदर आणि तुझा ताप

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरल्यावर सांगितलंस की ताप होता. ते मी आता पुन्हा काढणार नाही, काल फोनवर पुरे झालं. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातून तू पाठवलेल्या, मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्राच्या फोटोबद्दल लिहायला बसलोय. 'बाबा, बघा किती शांत आहे,' असं तू खाली टाकलंयस.

आहे खरं. पण मला आधी दिसली ती भरती. मागे धुक्यात डोलकाठ्या, धुराडी, क्रेन. 1872 साली हा फ्रेंच चित्रकार ल आव्र या फ्रान्समधल्या बंदराच्या धक्क्यासमोरच्या हॉटेलातून हे बघत होता, आणि तिथे गोदीचे दरवाजे भरतीलाच उघडत. आपल्या मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया गोदीसारखंच. म्हणजे वेळ धावपळीची. पहाटपाळीला असा नारिंगी गोळा मी किती वेळा पाहिलाय, पण तेव्हा धक्क्यावर इतका आरडाओरडा असायचा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. लांबून शांतच दिसत असणार. तू 'मी ठीक आहे' म्हणतेस तेही आम्हाला लांबूनच ऐकू येतं.

आलोच बघ पुन्हा तिथे.

दीपूने फोनवर त्या फोटोतले रंग काढून दाखवले. सूर्य जवळजवळ गायब! आजूबाजूच्या आकाशाइतकाच उजळ आहे तो, वेगळा आहे फक्त रंगाने. निळसर राखाडीत तेवढा एक नारिंगी ठिपका, आणि पाण्यात त्याचे आडवे फटकारे, घाईघाईने ओढलेले. पुढची होडी तर तीन-चार काळपट रेघांत उरकलीय, तरी माणूस उभा आहे हे कळतं. मला ड्रॉइंगमध्ये पास व्हायचे वांधे, पण हे कळलं. तुला एलिमेंटरीला ए श्रेणी मिळाली तेव्हा माईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मी तोंडावर काही बोललो नव्हतो, पण तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

1874 च्या प्रदर्शनात या चित्राची टर उडवली आणि त्यातूनच इम्प्रेशनिझम या चित्रपंथाला नाव मिळालं, हे तूच सांगितलंस. चोरीचं मात्र मी शोधून वाचलं. 1985 मध्ये गेलं, 1990 मध्ये कॉर्सिकात सापडलं. पाच वर्षं पत्ता नाही! संग्रहालयवाल्यांनी कशी काढली असतील? आम्हाला आठवडा काढवेना.

मनू, आजार लपवणं हे धीराचं लक्षण नव्हे. एकट्या माणसाने घराची एक किल्ली शेजारी द्यावी, रात्री उपाशी झोपू नये, औषधं संपायच्या आधी आणावीत, डोकं दुखलं की... असो. पगार मिळवणाऱ्या मुलीला हे काय सांगायचं. रागावू नकोस. अण्णाही 'काही नाही, गॅस झालाय' म्हणत दोन दिवस फिरत होते, म्हणून बोललो.

संग्रहालयात एकटीच गेलीस? तीही एवढ्या अशक्तपणात? बरं, विचारत नाही.

त्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर पाठव. त्यांची भाषा मला येत नाही, दीपू बघेल. आणि आईला यातलं काही माहीत नाही. तुझा फोन बिघडला होता असं तिला सांगितलंय, तूही तेच सांग. काय म्हणून विचारलं तर चार्जिंगचं म्हण.

तुझा,
बाबा