यादीत मेहताब सिंग का नाही?

सप्टेंबर २०२४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या दहा महत्त्वाच्या खेळाडूंची यादी आली. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू होण्याआधी मराठी दैनिकात फुटबॉलला अर्धं पान मिळालं, याचा आनंद आधी कळवतो. कूपरेजवर महिंद्र युनायटेडच्या मॅच बघत मोठा झालेल्या माझ्यासारख्याला अर्धं पान म्हणजे खूप झालं. पण यादी दोनदा वाचली आणि राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या यादीत पहिला आहे ग्रीसचा स्ट्रायकर निकोस कारेलिस, जो आयएसएलची अजून एकही मॅच खेळलेला नाही. दुसरा विंगवरचा छांगटे, तिसरा मधल्या फळीतला जॉन टोरल. गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा नववा. बचावात मध्यभागी खेळणारा मेहताब सिंग कुठेच नाही. पहिल्या पाचांतले चार जण गोल करणारे किंवा गोल करून देणारे. ही लाडक्या खेळाडूंची यादी झाली. महत्त्वाचा कोण हे ठरवायचं तर तो नसला की आणखी किती जणांना आपली जागा सोडावी लागते, ते मोजायला हवं.

आमच्या चाळीच्या टीममध्ये एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होता. गिरणीतली रात्रपाळी संपवून तो थेट परळच्या मैदानावर यायचा, डब्यातली उरलेली पोळी उभ्या उभ्या खायचा आणि बूट चढवायचा. सबंध वर्षात त्याने एक गोल केला असेल-नसेल. एका रविवारी त्याला सुट्टी मिळाली नाही. मग लेफ्ट हाफला स्टॉपर केलं, राइट आऊटला आणलं लेफ्ट हाफला, आणि राइट आऊटला जो पोरगा उभा केला तो रेषेपासून दहा हात आतच घुटमळत राहिला. पाच गोल खाल्ले. माणूस एक आला नव्हता, बिघडल्या तीन जागा.

आता हेच मुंबई सिटीला लावून बघा. आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू चालतात, उरलेले सात भारतीय लागतात. बचावात मध्यभागी परदेशी तिरी आणि त्याच्या शेजारी भारतीय मेहताब, अशी जोडी असली तर परदेशी जागा एकच खर्च होते. पुढे तीन उरतात: मधल्या फळीत योएल व्हॅन निफ, त्याच्या पुढे टोरल, सर्वांत पुढे कारेलिस. हिशोब बरोबर जुळतो. पण मेहताबचा गुडघा दुखावला, किंवा चार पिवळी कार्ड साठून एक मॅच बाहेर बसावं लागलं, तर तिरीच्या शेजारी सीरियाचा थाएर क्रूमा येणार. तो चांगलाच खेळाडू आहे, पण परदेशी आहे. म्हणजे पुढच्या तिघांतल्या एकाला बाकावर बसवावं लागणार. दुखापत बचावपटूला, आणि धार बोथट होणार आघाडीची! गेल्या हंगामापर्यंत ही अडचण नव्हती, कारण राहुल भेके होता. उजव्या बाजूला खेळव, मध्यभागी खेळव, त्याची तक्रार नसे. आपल्या मुंबईचा हा मुलगा. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल कुवा अल जाविया संघाविरुद्ध आपण एका गोलने मागे होतो. पेनल्टीवर बरोबरी झाली आणि मग भेकेच्या हेडरने मॅच जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच. या ४ मे रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर आयएसएलचा कप उचलणारा कर्णधारही तोच. आता तो बेंगळुरूला गेला आहे. आघाडीचे परदेशी खेळाडू डियाझ आणि नोगेराही तिकडेच गेले. आपल्या लेखात त्या दोघांच्या जाण्यावर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, भेकेवर एक ओळ. परदेशी स्ट्रायकर जगाच्या बाजारात मिळतो, यंदा ग्रीसमधून आणला, पुढच्या वर्षी आणखी कुठून आणतील. चांगला भारतीय सेंटर बॅक (मधला बचावपटू) विकत घ्यायचा तर दुसऱ्या आयएसएल क्लबच्याच दारात जावं लागतं, आणि तो क्लब देत नाही. म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव मेहताबचं.

दुसरं नाव व्हॅन निफचं, आणि त्याचं कारण आहे मधल्या फळीतला त्याचा जोडीदार अपुइया. तो मोहन बागानला गेला, ही माझ्या मते या उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी बातमी. अंधेरीला शहाजी राजे क्रीडा संकुलात मी मुद्दाम मध्यरेषेच्या वरची जागा धरतो. गेल्या हंगामात एका मॅचला ठरवून दहा मिनिटं चेंडूकडे बघितलंच नाही, फक्त अपुइयाकडे बघत बसलो. पास येण्याआधी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चेंडू पायाशी येईपर्यंत अंग अर्धं वळलेलं. त्यामुळे चेंडू अडवणं आणि पुढे देणं यांत त्याला मधला वेळच लागत नव्हता. शेजारचे काका दोनदा म्हणाले, ‘अहो, तिकडे बघा, कॉर्नर आहे!’ अहमद जाहू २०२३ मध्ये ओडिशाला आपले जुने प्रशिक्षक लोबेरांकडे गेला, तेव्हा मधली फळी कोसळेल अशी भीती होती. कोसळली नाही, कारण व्हॅन निफ आला होता आणि त्याच्या शेजारी अपुइया होता. आता ते धावणारे पाय नाहीत. ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आला आहे, त्याच्या पासवर माझा जीव आहे, पण पळणाऱ्याला मागून गाठून चेंडू काढून घेणं हे त्याचं काम नाही. व्हॅन निफ दमला तर प्रशिक्षक क्रात्की काय करणार, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

लाचेन्पा नववा, हे तर मला लागलंच. २०२१ ची आयएसएलची सेमीफायनल आठवा. गोव्याविरुद्ध दोन्ही लेग, म्हणजे दोन्ही सामने, बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी शूटआऊटच्या तोंडावर लोबेरांनी कर्णधार अमरिंदरला बाहेर घेतलं आणि सिक्कीमच्या या मुलाला गोलमध्ये उभं केलं. ६-५ ने जिंकलो, शेवटची पेनल्टी मारली मूळच्या गोव्याच्याच, पण आपल्याकडून खेळणाऱ्या रॉलिन बोर्जेसने. पाच दिवसांनी बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलवर कप आला. गेल्या हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षकाचा ‘गोल्डन ग्लोव्ह’ही लाचेन्पाचाच. मुंबई चेंडू मागून पास देत देत पुढे आणते, गोलकीपरच्या पायापासून. तिथे चेंडू नुसता लांब मारणारा कीपर असला तर सगळी रचनाच बदलावी लागते. राखीव गोलरक्षक रेहेनेश अनुभवी आहे, एवढ्यासाठीच मी लाचेन्पाला तिसरा ठेवला. नाहीतर दुसरा.

छांगटेवरून घरात वाद झाला. मी त्याला चौथा म्हटलं, तर भाचा ताट बाजूला सारून उठला. त्याचं म्हणणं खोटं नाही. २०२२-२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, यंदा कर्णधार तोच. आणि २४ एप्रिलची ती फातोर्ड्याची रात्र! गोवा २-० पुढे, घड्याळात नव्वदावं मिनिट, मी रिमोट हातात घेतलेला. छांगटेचा गोल. लगेच विक्रम प्रतापचा. आणि शेवटी पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल, खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले की काय झालं. असा खेळाडू चौथा ठेवताना माझाही हात थांबला. पण तो नसेल तेव्हा विंगवर बिपिन आहे, विक्रम आहे, गरज पडली तर ब्रँडन आहे. संघ कमी धारदार होईल, पण जागच्या जागी राहील. मेहताबच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. पाचवा तिरी, यावर आपलं-माझं एकमत दिसतं. सहाव्यापासून पुढे कोणी कुठेही ठेवा, मी भांडणार नाही.

गेल्या हंगामात शील्ड, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणारी ढाल, एका गुणाने गेली. मोहन बागान ४८, आपण ४७, आणि शेवटच्या दिवशी बरोबरी पुरत असताना कोलकात्यात १-२ हरलो. एक गुण म्हणजे हंगामात कुठेतरी दोन-चार मिनिटं भलता माणूस भलत्या जागी उभा असणं. यादी करताना आपल्या प्रतिनिधींनी हे लक्षात घ्यावं, एवढंच मागणं आहे. पुढच्या वर्षी यादी करताना मैदानावर बसून एखाद्या बचावपटूवर अर्धा तास नजर ठेवावी. फोटोही त्याचाच छापावा.

येत्या शुक्रवारी, १३ सप्टेंबरला, पहिलीच मॅच मोहन बागानशी सॉल्ट लेकवर आहे, आणि समोरच्या मधल्या फळीत अपुइया असेल. मॅचचं वृत्त देताना गोल कोणी केले ते तर द्याच. पण मेहताबच्या शेजारी कोण उभा होता आणि व्हॅन निफच्या शेजारी कोण, या दोन ओळीही द्या.

आपला,
एक जुना वाचक, परळ