घर उघडं होतं, मंत्री महोदय

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

नाशिकच्या इंदिरानगरातून लिहितोय. आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. वडिलांच्या जमिनीच्या वारस नोंदीवर चुलत्यांनी हरकत घेतली. तिची सुनावणी १२ तारखेला होती. निफाडहून नोटीस ३ तारखेला टपालाने निघाली आणि माझ्या हातात पडली १३ ला. तीही १२ च्या संध्याकाळी वकिलांच्या कारकुनाने "काका, तुम्ही आलाच नाहीत?" असा फोन केला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी मीच पोस्टाच्या खिडकीवर जाऊन ती शोधायला लावली म्हणून. निफाड आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. एवढ्या दिवसांत वणीला पायी निघालेला माणूस गड चढून, दर्शन घेऊन, घरी येऊन पायाला तेल चोळून झोपला असता.

उशीर एक वेळ गिळला असता. पण पोस्टमनचा शेरा काय, तर ‘घर बंद’. ७ तारीख, सकाळी ११.४२. महोदय, माझ्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. महिनाभर आमच्या दाराला दिवसा कडी नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी येते, शेजारच्या वहिनी डबा आणून देतात, प्रत्येकाला उठून दार कोण उघडणार? त्या सकाळी मी दारातच स्टुलावर बसून मटार सोलत होतो. जिन्यात मांजर आलं तरी तिथून दिसतं. पोस्टमन दिसला नाही. वॉचमनच्या वहीत नोंद नाही, दारात चिठ्ठी नाही. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. हळूच म्हणाला, "काका, एकाच माणसाकडे दोन बीट आहेत." म्हणजे दोन भागांचं टपाल एकट्याने वाटायचं. त्या पोस्टमनवर तरी किती चिडायचं? माणसं भरायची नाहीत, पार्सलांचे ढीग वाढवायचे आणि खोटं शेवटच्या माणसाला लिहायला लावायचं.

आता पैशांचं बोलू. रजिस्टर पोस्ट तुम्ही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केलं. हळू जायचं, पण सहीशिवाय कुणाच्या हाती पडायचं नाही. वीस ग्रॅमचं पाकीट २५ रुपये ९६ पैशांत जायचं. आता गावाबाहेर पन्नास ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, रजिस्ट्रेशनचे ५, त्यावर १८ टक्के जीएसटी. मी कॅलेंडरच्या मागे बेरीज केली, ६१ रुपये ३६ पैसे. दुपटीहून जास्त. वेग मी मागितला नव्हता. मला खात्री हवी होती, ती स्वस्तात मिळत होती. तुम्ही ती काढून घेतलीत आणि वेगाचं बिल हातात ठेवलंत. वेगही दिला नाहीत, ते सोडा.

तुम्ही म्हणाल, पोस्टकार्ड अजून ५० पैशांत देतो, तोटा सोसतो. सोसता खरं, पण खिसा कुणाचा? आणि तोटा भरून काढायला दर वाढवले, तर वाढलेल्या पैशातून माझ्या बीटवर एक माणूस का वाढला नाही? आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट. वर्षभरात पंधरा-वीस जणांना तरी हा ‘घर बंद’चा प्रसाद मिळाला असेल. हा हिशेब लिफ्टमधल्या गप्पांचा आहे, खोटा वाटला तर माणूस पाठवून मोजा. दार उघडंच असेल.

नुकसानभरपाईचा नियम तर वाचून हसू आलं. उशीर झाला तर टपालखर्च परत. हरवलं तर खर्चाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे माझी दोन एकर जमीन पणाला आणि तुमचे पणाला साठ-सत्तर रुपये! वर कायदा तुमच्याच बाजूचा. नीट पत्ता घालून रजिस्टर टपालाने पाठवलं की ते पोचलं असं १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ धरून चालतं. पोचलं नाही हे सिद्ध करायचं मी. कसं? मटाराची सालं दाखवून? १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा आला, पण खात्याने हात झटकायची सोय त्यातही आहेच.

देशाची टपाल तिकिटं आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात. लहानपणी तिच्या भिंतीजवळून जाताना ऊर भरून यायचा. आता सिंहस्थासाठी सगळं शहर खोदून ठेवलंय, दर चौकात ‘विकास’ लिहिलंय आणि एक पाकीट चौथ्या मजल्यावर चढत नाही. पाण्याचं बिल मात्र कधी चुकत नाही हो. दंडाची नोटीस मोबाइलवर मिनिटात येते. घ्यायचं असतं तेव्हा सरकारला आमचं घर बरोबर सापडतं.

निदान एवढं करा. ‘घर बंद’ लिहायच्या आधी पाकिटावरच्या नंबरवर एक फोन सक्तीचा करा आणि साधं, स्वस्त रजिस्टर पोस्ट परत आणा.

माझ्याविरुद्ध एकतर्फी आदेश झालाय. फेरसुनावणीचा अर्ज काल दिला. तारीख कधी मिळेल, असं विचारलं. साहेब म्हणाले, "कळवू की. टपालाने."

आपला,
एक निवृत्त शिक्षक
इंदिरानगर, नाशिक